डफ खाली ठेवायचा का? अमर शेख आणि मराठी मुसलमान कलावंतापुढचा जुना प्रश्न

१९६९ च्या पावसाळ्यात सहा आठवड्यांत महाराष्ट्राने दोन शाहीर गमावले. १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळच्या अपघातात अमर शेख. २५ वर्षांपूर्वी, १९४४ साली, या दोघांनी द. ना. गवाणकरांना सोबत घेऊन लाल बावटा कलापथक उभं केलं होतं. अण्णाभाऊंचे पुतळे आज गावोगावी आहेत, त्यांची जयंती साजरी होते. ते योग्यच आहे. अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल होतं, ते बार्शीचे होते, हे मात्र आपल्याच मोहल्ल्यात अनेकांना सांगावं लागतं.

त्यांची आठवण काढण्याचं कारण एक प्रश्न आहे. एखाद्या प्रांताच्या, एखाद्या बोलीच्या कलाप्रकारात नाव झालेल्या माणसाने आणखी मोठ्या श्रोत्यांसाठी तो प्रकार सोडावा का? हा प्रश्न मोबाइलने आणला असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो फार जुना आहे. मराठी मुसलमान कलावंतापुढे तर तो एका वेगळ्या गाठीसह येतो. त्याच्या घरात बहुधा दखनी किंवा उर्दू बोलली जाते. मोठा बाजार हिंदी-उर्दूचा आहे. म्हणजे बाहेर जाण्याचा दरवाजा त्याला इतरांपेक्षा थोडा जास्तच उघडा असतो. तरीही काही जण मराठीत का थांबले? आणि जे गेले, त्यांचं काय झालं?

सुरुवात पेशवाईपासून करू. उत्तर पेशवाईत होनाजी बाळाशी ज्याची बरोबरीने स्पर्धा चालायची तो सगनभाऊ जेजुरीचा मुसलमान होता. धंदा शिकलगाराचा, म्हणजे हत्यारांना धार लावण्याचा. त्या काळी दरबारातल्या शास्त्रीय गाण्याची भाषा मराठी नव्हती. सगनभाऊने मात्र लावणी आणि पोवाडा हेच आपलं क्षेत्र मानलं. त्याला मराठी ‘शिकावी’ लागली नाही, ती त्याच्या बाजाराची, जत्रेची, शेजाराची भाषा होती. आज मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याच्याशिवाय शाहिरीचं प्रकरण पूर्ण होत नाही.

विसाव्या शतकात उलट्या दिशेचा प्रवासही झाला. अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे, ख्यालाच्या खानदानी परंपरेतले. ते महाराष्ट्रात आले, १९१३ साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय चालवलं, पुढे मिरजेत राहिले आणि तिथेच मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांमध्ये ‘मानापमान’ नाटकातली दोन मराठी पदं आहेत. देशभर ज्यांची रेकॉर्ड विकली जात होती, त्या उस्तादाला मराठी नाट्यपद गाण्यात कमीपणा वाटला नाही. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व काही वर्षं मराठी रंगभूमीवर गाजले आणि पुन्हा ख्यालाकडे वळले. भीमसेन जोशींना त्यांनी शिकवलं ते त्यानंतर. म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जाणं ही काही आपोआप गद्दारी नसते. परत येण्याची वाट उघडी आहे की नाही, याला जास्त महत्त्व आहे.

आता अमर शेख. जन्म १९१६, घरची गरिबी. आई मुनेरबीकडून लोकगीतांचा वारसा मिळाला. गाडीवर क्लीनर, गिरणीत कामगार, संपात पुढारी, मग तुरुंग. त्यानंतर काही काळ ते कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत होते. ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. डफावर नाव मिळवण्याआधीच त्यांनी सिनेमाचं दार आतून पाहिलं होतं. पहाडी आवाज, देखणं व्यक्तिमत्त्व, घरातून आलेली भाषा. १९४० च्या दशकात मुंबईचा सिनेमा अशा माणसांना शोधत होता. पंजाबातून, लखनौतून लोक मुंबईत येऊन नशीब काढत होते. मुंबईतच असलेल्या या माणसाने मात्र परळ-लालबागच्या चाळींसमोर उभं राहून मराठीत गायचं ठरवलं.

पण याला नुसता ‘त्याग’ म्हणणं मला पटत नाही. कारण कलापथकाने जुना प्रकार जसाच्या तसा जपला नाही. तमाशाची सुरुवात गणाने होते, गणपतीला वंदन केलं जातं. अण्णाभाऊंनी तिथे मातृभूमीला, हुतात्म्यांना, कष्टकऱ्यांना वंदन आणलं. गवळण काढून टाकली. वगात राजाऐवजी सावकार, मालक, पुढारी आले. स्टालिनग्राडचा पोवाडा झाला, बंगालच्या दुष्काळाचा झाला. जगाच्या बातम्या डफावर चढल्या आणि कामगार त्या ऐकायला रात्र रात्र बसला. ज्या भागात या मंडळींना कोणी ओळखत नव्हतं, तिथेही पोवाड्याचा ठेका ओळखीचा होता. प्रकार न सोडता श्रोता वाढवण्याचा हा मार्ग होता. सरकारलाही त्याची ताकद कळली, म्हणून तर कलापथकावर बंदी आली.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५६ ते १९६० या काळात, या मार्गाने शिखर गाठलं. अण्णाभाऊंनी लिहिलेली ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेखांच्या आवाजात महाराष्ट्रभर गेली. शिवाजी पार्कवर भाषणाआधी शाहीर उभा राहायचा आणि सभा त्याच्या हातात यायची. लाखोंच्या समुदायापुढे महाराष्ट्राची बाजू मांडणारा तो आवाज एका मुसलमानाचा होता आणि ‘तुम्ही कुठले?’ असं त्याला कोणी विचारत नव्हतं. आज मराठी मुसलमानाला स्वतःचं मराठीपण वारंवार सिद्ध करावं लागतं, तेव्हा मला त्या सभा आठवतात. मी त्या पाहिलेल्या नाहीत, माझ्या जन्माआधीच्या आहेत. तरी त्या माझ्या आहेत.

१ मे १९६० ला राज्य झालं आणि शाहिरांचा मंच ओसरला. चळवळ हाच ज्यांचा श्रोता होता, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, आता कोणासमोर गायचं? प्रत्येकाने आपलं उत्तर शोधलं. अण्णाभाऊंची ‘फकिरा’ १९५९ सालीच आली होती, पुढे ते अधिकाधिक कादंबरीकार होत गेले. तमाशातल्या बाईवरची त्यांची ‘वैजयंता’ १९६१ साली पडद्यावर आली. शाहीर साबळे मुक्तनाट्याकडे आणि नंतर ‘महाराष्ट्राची लोकधारा’कडे गेले, गोंधळ, वासुदेव, भारूड यांना त्यांनी तिकिटाच्या रंगमंचावर आणलं. अमर शेखांनी ‘महात्मा फुले’ या चित्रपटात आधीच भूमिका केली होती, पुढे ‘प्रपंच’मध्येही केली, ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह काढले. पण डफ शेवटपर्यंत सोडला नाही. सिनेमात त्यांनी काम केलं, सिनेमात राहायला गेले नाहीत.

याची किंमत काय होती हेही सांगायला हवं. ज्याच्या गाण्याने राज्य मिळवायला मदत केली, त्याच्या घराला त्या राज्यात स्वास्थ्य मिळालं नाही. अण्णाभाऊ तर हलाखीतच गेले. ‘लोककलेची सेवा’ असं व्यासपीठावरून म्हणणं सोपं असतं, घरभाडं त्या सेवेतून निघत नाही. म्हणून कलावंताने मोठ्या बाजाराकडे पाहिलं की लगेच त्याला लोभी ठरवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

खरं तर निवड करता आली, हीसुद्धा अमर शेखांची एक सवलत होती. ती सगळ्यांना नव्हती. लावणीकडे पाहा. १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्यात विजयानंद थिएटरला १३१ आठवडे चालला. १९७२ साली ‘पिंजरा’ आला. लावणी मध्यमवर्गाच्या घरात, रेडिओवर, गणेशोत्सवाच्या मंडपात पोहोचली. कलाप्रकाराला इतका मोठा श्रोता कधीच मिळाला नव्हता. पण आवाज कोणाचे होते? आशा भोसले, उषा मंगेशकर, सुलोचना चव्हाण. सुलोचनाबाई तर हिंदी पार्श्वगायनातून लावणीकडे आलेल्या. त्यांनी डोक्यावर पदर घेऊन लावणीला प्रतिष्ठा दिली, त्यांचं मोठेपण कोणी नाकारत नाही. पण फडावर रात्रभर नाचून-गाऊन ज्या बायकांनी ही लावणी जिवंत ठेवली होती, त्या पडद्याबाहेरच राहिल्या. लावणी मोठ्या श्रोत्यांकडे गेली, लावणीवाली गेली नाही.

विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. तरी अखेरचे दिवस त्यांनी आर्थिक ओढाताणीत काढले आणि २००२ साली त्या गेल्या. त्या फड सोडून निघून जाऊ शकल्या असत्या का? एका फडावर पन्नास-शंभर माणसांचं पोट असतं. वादक, सोंगाड्या, नाच्या, तंबू उभारणारे, स्वयंपाकी. अनेकांनी हंगामाआधीच उचल घेतलेली असते. आजही नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी येतात आणि जत्रेच्या सुपाऱ्या ठरतात. अशा ठिकाणी ‘प्रकार सोडावा का’ हा एका कलावंताचा प्रश्न राहत नाही. मालकीण निघाली तर पन्नास चुली विझतात.

मी विश्रांतवाडीत राहतो, उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्या चौकात वर्षभर गाणं असतं. आषाढी वारीत आळंदीहून निघालेली माऊलींची पालखी याच रस्त्याने पुण्यात जाते, तेव्हा अभंग ऐकू येतात. एप्रिलमध्ये भीमगीतं. ईद-ए-मिलादला नात. आमची मुलं हे सगळं ऐकत मोठी होतात, त्यामुळे त्यांच्या कानात तीन-चार चाली एकदमच वाजत असतात. हल्ली काही जण रॅप करतात. त्यातल्या एकाने मला विचारलं, “सर, मराठीत केलं तर आपल्याच गल्लीतले ऐकतील, हिंदीत केलं तर लाखभर. मग मराठीत कशाला?” प्रश्न अगदी रास्त होता. त्याला मराठी भाषेच्या थोरवीवर व्याख्यान देणं बेइमानी ठरलं असती.

मी त्याला अमर शेखांची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, हिंदीत जरूर कर. पण आधी तीन गोष्टी बघ. गाण्यावर नाव तुझं राहतं का? पैसा तुझ्या हाती येतो, की लावणीसारखं गाणं पुढे जातं आणि गाणारा मागे राहतो? आणि उद्या परत यावंसं वाटलं तर तुझी गल्ली तुला ओळखेल का? तो म्हणाला, “तिसरी गोष्ट अवघड आहे सर.” खरंच अवघड आहे. पहिल्या दोन गोष्टी करारात लिहून घेता येतात, तिसरी घेता येत नाही.

आपल्यासाठी त्या तिसऱ्या गोष्टीचं वजन आणखी जास्त आहे. बहुसंख्य समाजातला एखादा गायक मराठी सोडून हिंदीत गेला तर मराठी त्याच्या नावावरून पुसली जात नाही. तो कधीही परतला तरी घरचाच असतो. मुसलमान कलावंत निघून गेला की त्याची जागा रिकामी राहत नाही, तिथे ‘हे तुमचं कधी नव्हतंच’ अशी पाटी लागते. आणि ती लावायला दोन्हीकडचे लोक हात देतात. एक म्हणतो तुमची भाषा उर्दू, दुसरा म्हणतो पोवाडा-लावणी आपलं काम नाही. सगनभाऊ आणि अमर शेख या दोघांनाही खोटं ठरवतात. माझ्याकडे उर्दू आणि मराठी दोन्हींची पुस्तकं रोज हातात असतात, यातली एक निवड असं कोणी म्हटलं तर मला ते समजतच नाही.

म्हणून मोठ्या श्रोत्यांकडे जाणाऱ्या मुलाला मी अडवणार नाही. अडवण्याचा हक्क त्यालाच आहे ज्याने त्याच्या कार्यक्रमाचं तिकीट कधी काढलं असेल. आपल्या शादीत, उरुसात, शाळेच्या संमेलनात मराठी गाणाऱ्या आपल्याच पोराला आपण बोलावतो का? बोलावलं तर बिदागी देतो, की ‘घरचाच आहे’ म्हणून चहावर वाटेला लावतो? अमर शेख डफ घेऊन उभे राहू शकले, कारण समोर कामगार रात्रभर बसत होता. ऐकणारे उठून गेले की शाहिराला डफ सोडावा लागत नाही, तो आपोआपच बंद पडतो.

तुमच्या घरी अमर शेखांना प्रत्यक्ष ऐकलेलं कोणी असेल, तर ते आता ऐंशीच्या घरात असतील. त्यांच्याजवळ बसा, काय आठवतं ते विचारा आणि लिहून ठेवा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, दखनीत लिहा. पण या वर्षीच लिहा.