तिसरा दोर

वस्तूसुद्धा पुरावा असते, हे तुम्ही संशोधनपद्धतीच्या पुस्तकात वाचलं असेल. त्याचं एक चांगलं उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटच्या संग्रहालयात आहे: तुटलेल्या दोराचा तुकडा.

14 जुलै 1865 ला मॅटरहॉर्न शिखर पहिल्यांदा सर झालं. उतरताना दोर तुटला आणि सातांपैकी चौघे कोसळले. वाचलेले वाटाडे पीटर टाउगवाल्डर (थोरले) यांनी दोर कापला, अशी कुजबुज सुरू झाली. एडवर्ड व्हिंपरनं टोक तपासलं आणि दोर कापलेला नाही, तुटलाय, असं सांगितलं. पण त्यानंच आणखी एक गोष्ट नोंदवली. सोबत तीन प्रकारचे दोर होते. टाउगवाल्डर आणि लॉर्ड डग्लस यांच्यामध्ये बांधलेला दोर तिसरा, जुना, सगळ्यांत कमजोर. तो राखीव होता. खडकाला बांधून तिथेच सोडून देण्यापुरता. तेवढ्या कामाला तो ठीकच होता की! चौकशीत टाउगवाल्डर म्हणाले, दोर पुरेसा मजबूत वाटला. त्यांच्यावर दोष ठेवला गेला नाही, संशय मात्र चिकटून राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचे दोर आले आणि 'वाटला' हा शब्द आणखीच धोक्याचा झाला. गाडीच्या बॅटरीतलं सल्फ्युरिक आम्ल लागलं की नायलॉनमधले अमाइड बंध तुटतात. डोळ्यांना कदाचित काहीच दिसत नाही. म्हणून दोराची वही ठेवा: कधी घेतला, किती मोठे झटके बसले, कुठे ठेवला होता. प्रयोगवहीच समजा.

निवृत्त दोर अख्खा कुणाला देऊ नका, कचऱ्यातही टाकू नका. नवशिक्याच्या हाती लागला तर तो पुन्हा 'तिसरा दोर' होतो. आधी तुकडे करा, मग पायपुसणं विणा, सामान बांधा. हार्नेसचे पट्टेही कापा. कॅराबिनरचं ॲल्युमिनियम वितळवता येतं, फक्त पोलादी भाग वेगळे काढावे लागतात.

दोराचं पुनर्चक्रण जास्त रंजक आहे. 1938 मध्ये पाउल श्लाकनं कॅप्रोलॅक्टमपासून नायलॉन-6 बनवलं. आज तीच अभिक्रिया उलटी चालवून जुन्या नायलॉनमधून कॅप्रोलॅक्टम परत मिळवतात. दोरात पॉलिएस्टर किंवा ॲरामिड मिसळलेलं असेल तर काम अवघड होतं, म्हणून देण्याआधी लेबल बघा. लेबल गेलं असेल तर कापलेल्या टोकात शोधा. बऱ्याच दोरांच्या गाभ्यात एक बारीक पट्टी असते, तिच्यावर निर्मितीचं वर्ष छापलेलं असतं.