होडीतून दिसलेले डोंगर आणि अलास्काची सीमा

प्रबंधात आपण नकाशा बहुतेक वेळा पुरावा म्हणून जोडतो आणि पुढे जातो. पण तो काढणारा उभा कुठे होता, हे विचारलंच नाही तर? आग्नेय अलास्काचा किनारा बघा.

ब्रिटिश नौदलाच्या जॉर्ज व्हँकूव्हरने १७९३ आणि १७९४ मध्ये इथल्या खाड्या छोट्या होड्यांतून मोजल्या. किनाऱ्याचं काम काटेकोर होतं. आतला प्रदेश मात्र पाण्यावरून दिसला तेवढाच. तरी नकाशात किनाऱ्याला समांतर अशी डोंगरांची रांग उमटली.

१८२५ मध्ये रशिया आणि ब्रिटनने याच नकाशाच्या आधारे करार केला. सीमा समांतर डोंगरांच्या माथ्यांवरून जाईल; माथे समुद्रापासून दहा सागरी लीगपेक्षा, म्हणजे साधारण ५५ किलोमीटरपेक्षा लांब असतील, तिथे ती किनाऱ्याच्या वळणांप्रमाणे, पण त्या अंतराच्या आत राहील. कागदावर सगळं स्वच्छ!

जमिनीवर तशी सलग रांग नव्हतीच. होता तो हिमनद्यांनी कापलेला शिखरांचा पसारा. मग माथा कोणता धरायचा? आणि किनारा तरी कोणता? लिन कॅनॉल ही खाडी शंभरहून जास्त किलोमीटर आत शिरते. किनारा तिच्या तोंडाशी मोजायचा की टोकाशी?

१८६७ मध्ये अमेरिकेने अलास्का विकत घेतला, पण सीमा बराच काळ आखली गेली नाही. १८९३ पासून कॅनडाचे सर्वेक्षक शिखरांवर कॅमेरे चढवून फोटोंवरून नकाशे बनवू लागले. तेवढ्यात, १८९६ मध्ये, क्लोंडाइकला सोनं सापडलं. तिकडे जायची वाट लिन कॅनॉलच्या टोकाकडून! आता प्रत्येक किलोमीटरला किंमत आली.

१९०३ मध्ये प्रकरण लवादापुढे गेलं. अमेरिकेने ब्रिटनचेच जुने नकाशे पुढे केले. त्यांत रेषा खाड्यांच्या टोकांमागून जात होती. २० ऑक्टोबरला ४ विरुद्ध २ मतांनी निकाल बराचसा अमेरिकेच्या बाजूने लागला. कॅनडाच्या दोन्ही सदस्यांनी सही केली नाही. या खिंडींतला व्यापार पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातात होता, ते चिल्कॅट त्लिंगिट लोक तर या वादात पक्षकारच नव्हते.

म्हणून नकाशा हातात आला की तीन प्रश्न वहीत लिहा: काढणाऱ्याने स्वतः काय पाहिलं? काय अंदाजाने भरलं? आणि नंतर तो कुणी, कशासाठी वापरला? व्हँकूव्हरला समुद्रमार्ग हवा होता. त्याच्या नकाशावर जमिनीची सीमा आखली ती इतरांनी.