आभासी चलनाचे वॉलेट : किल्ली नेमकी कोणाच्या हाती?

हातकणंगले - तालुक्यातील हुपरीच्या चांदी व्यवसायात कच्ची चांदी आटणीपासून पैंजणाचा जोड तयार होईपर्यंत अनेक कारागिरांच्या हातांतून जाते. माल हातातून हातात जाताना वजन होते, टंच पाहिला जातो. माल सध्या कोणाकडे आहे आणि घट कोणाच्या नावावर, हे वहीत असते. बिटकॉइन, इथर यांसारख्या आभासी चलनांत पैसे गुंतविताना मात्र हाच साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. मोबाइलच्या पडद्यावर आकडा दिसतो आणि माल आपल्याच ताब्यात आहे, असा समज होतो. वॉलेट निवडणे म्हणजे हा ताबा कोणाकडे ठेवायचा, हे ठरविणे होय.

'वॉलेट' हा शब्दच थोडा फसवा आहे. मोबाइलवरील इतर पैशांच्या पाकिटांत रक्कम जमा असते. आभासी चलनाच्या वॉलेटमध्ये मात्र नाणे नसतेच. नाण्यांची नोंद 'ब्लॉकचेन' नावाच्या, जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवल्या जाणाऱ्या खातेवहीत असते. वॉलेटमध्ये असते ती त्या नोंदीवर हक्क सांगणारी गुप्त किल्ली. पत्ता हा बँकेच्या खाते क्रमांकासारखा, कोणालाही द्यावा. किल्ली ही सहीसारखी. बिटकॉइनची किल्ली म्हणजे २५६ बिटांची प्रचंड संख्या. ती माणसाला अचूक उतरवून घेणे अवघड, म्हणून २०१३ मध्ये एक पद्धत पुढे आली : २,०४८ ठरावीक शब्दांच्या यादीतून १२ किंवा २४ शब्द विशिष्ट क्रमाने निवडले जातात आणि त्यांतून सर्व किल्ल्या पुन्हा तयार करता येतात. या शब्दांना 'सीड फ्रेज' म्हणतात. मोबाइल हरवला, फुटला, पंचगंगेत पडला तरी शब्द जवळ असतील तर पैसा सुरक्षित. शब्द दुसऱ्याच्या हाती गेले तर मोबाइल खिशात असूनही पैसा गेला.

बँकेत पासवर्ड विसरल्यास शाखेत जाता येते. येथे शाखा नाही. व्यवहाराची नोंद पक्की झाली, की तो उलटविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

एक्स्चेंजमधील खाते

बहुतेकांचे पहिले वॉलेट एक्स्चेंजचेच असते. पॅन, आधार आणि बँक खाते जोडले, की काही वेळात खरेदी करता येते. पासवर्ड विसरला तर ओळख पटवून तो नव्याने मिळतो. सोय निर्विवाद आहे. मात्र किल्ली एक्स्चेंजकडे राहते, ग्राहकाकडे राहते ती येणे असल्याची नोंद.

या फरकाची किंमत १८ जुलै २०२४ रोजी देशभरातील ग्राहकांना कळली. मुंबईत सुरू झालेल्या 'वझीरएक्स' या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन चोरीस गेले. ते वॉलेट साधे नव्हते. त्यावर सहा जणांच्या सह्यांची सोय होती. पाच वझीरएक्सच्या आणि एक 'लिमिनल' या वॉलेट सांभाळणाऱ्या कंपनीची. व्यवहारास वझीरएक्सच्या तीन आणि लिमिनलची एक सही लागत असे. पडद्यावर दिसत होता तो व्यवहार आणि प्रत्यक्षात सही झाली तो व्यवहार वेगळा होता, असे वझीरएक्सने नंतर सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीसाठी उत्तर कोरियाच्या हॅकरना जबाबदार धरले. ग्राहकांचे चलन मात्र गोठले. सिंगापूरच्या न्यायालयात पुनर्रचनेचा आराखडा मंजूर होऊन व्यवहार पुन्हा सुरू होईपर्यंत ऑक्टोबर २०२५ उजाडला. मधल्या सुमारे १५ महिन्यांत कोणाचे लग्न, कोणाचे आजारपण, कोणाचा शाळेचा प्रवेश अडला असेल, त्याची नोंद ब्लॉकचेनवर होत नाही.

जुलै २०२५ मध्ये 'कॉइनडीसीएक्स' या दुसऱ्या भारतीय एक्स्चेंजमधूनही सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. ती रक्कम कंपनीच्या स्वतःच्या खात्यातील होती आणि तोटा कंपनी सोसेल, असे तिने जाहीर केले. एकाच प्रकारच्या दुर्घटनेत ग्राहकांच्या वाट्याला इतके वेगळे अनुभव आले, याचे कारण ग्राहकांचे आणि कंपनीचे चलन वेगळे ठेवले होते की नाही, आणि तोटा पेलण्याइतकी गंगाजळी होती की नाही, यात आहे. बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. आभासी चलनाला तसे कोणतेही संरक्षण नाही.

म्हणून एक्स्चेंज निवडताना ते केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेले आहे का, हे प्रथम पाहावे. मार्च २०२३ पासून अशा कंपन्यांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणण्यात आले आहे. नोंदणी म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे, पण नोंदणी नसेल तर पुढे विचारच करू नये. दुसरी गोष्ट, चलन बाहेरच्या वॉलेटमध्ये काढून नेऊ दिले जाते का, हे पैसे भरण्यापूर्वीच तपासावे. काही ॲपमध्ये खरेदी-विक्री करता येते, पण चलन बाहेर नेता येत नाही. मग किल्ली कधीच मिळणार नसते.

तज्ज्ञाच्या हाती दिलेली किल्ली

आपल्याला यातले काही कळत नाही, म्हणून वॉलेट उघडण्याचे काम माहीतगाराकडे सोपविण्याची पद्धत सर्रास आहे. मोबाइल दुकानदार, शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी किंवा कोणी 'सर'. या सवयीचा धोका पुण्यातील एका प्रकरणाइतका स्पष्ट क्वचितच दिसेल.

दरमहा १० टक्के परतावा १८ महिने देण्याचे आमिष दाखविणाऱ्या 'गेन बिटकॉइन' योजनेच्या गुन्ह्यांचा तपास २०१८ मध्ये पुणे पोलिसांकडे होता. आरोपींची वॉलेट उघडण्यासाठी तांत्रिक मदत हवी होती. ती भारतीय पोलिस सेवेतील एक माजी अधिकारी आणि एक सायबर तज्ज्ञ यांच्याकडून घेण्यात आली. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी याच दोघांना अटक केली. तपासासाठी हाती आलेल्या वॉलेटमधून चलन परस्पर वळविले आणि शिल्लक कमी दाखविणारे फेरफार केलेले स्क्रीनशॉट पोलिसांना दिले, असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. योजनेविषयीचे देशभरातील गुन्हे पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेले.

आरोपांचा निवाडा न्यायालयाचा विषय आहे. वॉलेट निवडणाऱ्याने मात्र त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. ज्याने किल्ली पाहिली, तो मालक होऊ शकतो. त्याचे पद, शिक्षण किंवा नाते कितीही मोठे असो. वॉलेट तयार करताना शब्द पडद्यावर येतात तेव्हा खोलीत दुसरे कोणी नसावे. दुसरी गोष्ट स्क्रीनशॉटची. ब्लॉकचेनची खातेवही सर्वांना खुली आहे. पत्ता माहीत असेल तर 'ब्लॉक एक्स्प्लोरर' संकेतस्थळावर त्याची शिल्लक कोणीही, कोणाच्या परवानगीविना, तपासू शकतो. बनावट गुंतवणूक ॲप दाखवितात तो वाढता नफा या खातेवहीत कोठेही नसतो. मोबाइल दुरुस्तीस देताना लॉक उघडून देण्याची सवयही वॉलेट असलेल्याने सोडलेली बरी.

स्वतःचे वॉलेट

किल्ली स्वतःकडे ठेवणारी वॉलेट दोन प्रकारची असतात. 'इलेक्ट्रम', 'मेटामास्क', 'ट्रस्ट वॉलेट' यांसारखी सॉफ्टवेअर वॉलेट विनामूल्य आहेत आणि मिनिटांत सुरू होतात. पण किल्ली इंटरनेटला जोडलेल्या यंत्रातच राहते. २०१८ च्या अखेरीस इलेक्ट्रमच्या वापरकर्त्यांना नव्या आवृत्तीचा बनावट संदेश दाखवून लुबाडण्यात आले होते. ॲप अधिकृत संकेतस्थळावरील दुव्यावरूनच घ्यावे, शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून नव्हे.

'ट्रेझर', 'लेजर' यांसारखी हार्डवेअर वॉलेट काही हजार रुपयांना मिळतात. पेनड्राइव्हएवढ्या या यंत्रातून किल्ली बाहेर येतच नाही; व्यवहार आत जातो आणि सही होऊन बाहेर येतो. यंत्र नवे आणि उत्पादकाकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. खोक्यात आधीच शब्द छापलेले कार्ड निघाले तर ती फसवणूक समजावी. शब्द यंत्राने आपल्यासमोर तयार करायचे असतात. २०२० मध्ये लेजरच्या सुमारे पावणेतीन लाख ग्राहकांची नावे व पत्ते फुटले आणि पुढे काहींच्या घरी टपालाने बनावट यंत्रे आली. यंत्राच्या छोट्या पडद्यावरील पत्ता व रक्कम वाचूनच बटण दाबावे. वझीरएक्सच्या प्रकरणातही सह्या न वाचता झाल्या की वाचता येण्याजोग्या नव्हत्या, हाच वादाचा मुद्दा होता.

महिन्याच्या खर्चाइतकी रक्कम असेल तर नोंदणीकृत एक्स्चेंज पुरे. ती बाहेर काढण्याचे शुल्कच जास्त वाटेल. वर्षानुवर्षे ठेवायची रक्कम असेल तर हार्डवेअर वॉलेटला पर्याय नाही. सॉफ्टवेअर वॉलेट रोजच्या लहान व्यवहारांसाठी. ज्याला शब्द सांभाळणे जमणारच नाही असे प्रामाणिकपणे वाटते, त्याने मोठी रक्कम या चलनात ठेवूच नये.

कागद, पूर आणि वारस

शब्दांचा फोटो काढू नये, ते व्हॉट्सॲपवर किंवा ई-मेलवर ठेवू नयेत. कागदावर लिहावेत, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला. पण हातकणंगले तालुक्याच्या उत्तरेस वारणा आहे, दक्षिणेस पंचगंगा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत नदीकाठच्या गावांत घरांत पाणी शिरले, तेव्हा ट्रंकेतील सातबारा, गुणपत्रिका, पासबुके यांचा लगदा झाला. त्यांची दुसरी प्रत तलाठ्याकडून, मंडळाकडून, बँकेतून काढता आली. बारा शब्दांची दुसरी प्रत देणारे कार्यालय नाही. त्यामुळे येथे शब्द स्टीलच्या पट्टीवर कोरून ठेवणे हा छंद नव्हे, गरज आहे. कोरण्याचे काम मात्र कारागिराकडे देऊ नये. अक्षरांचे ठोकणीचे संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. दुसरी प्रत पूररेषेबाहेरच्या नातेवाइकाकडे मोहोरबंद किंवा बँकेच्या लॉकरमध्ये असावी. सहा शब्द एका भावाकडे, सहा दुसऱ्याकडे, अशी वाटणी करू नये. एक अर्धा हरवला की पूर्ण रक्कम हरवते.

ब्रिटनमधील न्यूपोर्ट येथे २०१३ मध्ये हजारो बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क कचऱ्यात गेली. कचरा डेपो उकरू द्यावा, यासाठी मालकाने केलेला दावा जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने फेटाळला.

वारसांचा प्रश्न याहून जवळचा आहे. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसा प्रमाणपत्र दाखविले की बँक रक्कम देते. ब्लॉकचेनला प्रमाणपत्र वाचता येत नाही. मृत्युपत्रात शब्द लिहू नयेत, कारण ते अनेकांच्या हातांतून जाते. वॉलेट कोणते आणि शब्द कोठे ठेवले आहेत, एवढे मात्र लिहावे आणि पत्नीस किंवा पतीस ते माहीत असावे.

कर आणि पहिला व्यवहार

आभासी चलनाच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि एका चलनातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का करकपात होते. एक्स्चेंजमधून स्वतःच्या वॉलेटमध्ये चलन नेणे ही विक्री नव्हे. तरी खरेदीची तारीख, किंमत आणि पत्ता वहीत लिहून ठेवावा, कारण वॉलेट हा हिशेब देत नाही. अनोळखी व्यक्तीकडून परस्पर चलन घेणे टाळावे. समोरच्याचा पैसा गुन्ह्यातील निघाल्यास आपले बँक खाते गोठू शकते.

नव्या वॉलेटमध्ये प्रथम अगदी लहान रक्कम पाठवावी. पाठविणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नेटवर्क एकच आहे का, पाहावे. चिकटविलेल्या पत्त्याची सुरुवातीची, मधली आणि शेवटची अक्षरे ताडून घ्यावीत. पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत. रक्कम पोहोचली, की वॉलेट पुसून टाकावे आणि लिहून ठेवलेल्या शब्दांवरून पुन्हा उभे करावे. शिल्लक दिसली तरच मोठी रक्कम हलवावी. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी; चोरलेले चलन एखाद्या एक्स्चेंजच्या खात्यात पोहोचले असेल, तर ते तेथे गोठविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.