'लिव्हरग्रोन'चा रकाना

१ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेतल्या निदानांच्या सांकेतिक यादीत एक रकाना दुभंगला. तोवर रक्तातले ट्रान्सअमिनेज हे विकर वाढले काय किंवा एलडीएच हे दुसरे विकर वाढले काय, नेमके कारण हाती नसेल तर दोन्हींसाठी 'आर ७४.०' लिहीत. आता यकृताच्या ट्रान्सअमिनेजसाठी 'आर ७४.०१' आणि एलडीएचसाठी 'आर ७४.०२'. उद्या कोणी नुसते 'आर ७४.०१' वर्षवार मोजले, तर हा दोष २०२० मध्येच उगवला असे त्याला वाटेल.

हाच पेच लंडनचा कापडव्यापारी जॉन ग्रॉन्ट याने १६६२ च्या आपल्या पुस्तकात सोडवायला घेतला होता, आणि तोही यकृताच्याच रकान्यावरून.

त्याच्यापुढे लंडनमधल्या मृत्यूंची साप्ताहिक पत्रके होती. कोणी वारले की शपथ घेतलेल्या वृद्ध बायका प्रेत पाहून, विचारपूस करून मरणाचे कारण पॅरिशच्या कारकुनाला सांगत. मंगळवारी रात्री हिशेब जमा होई, बुधवारी छपाई, गुरुवारी वाटप. या पत्रकांत 'लिव्हरग्रोन', म्हणजे यकृत वाढलेले, हा जुना रकाना. 'रिकेट्स', म्हणजे आपला मुडदूस, त्यांत प्रथम दिसतो १६३४ मध्ये: वर्षभरात १४.

रोग नवा, की जुन्याच रोगाला नाव नवे? काही वर्षांच्या पत्रकांत यकृत, प्लीहा आणि मुडदूस एकाच ओळीत घातलेले ग्रॉन्टला आढळले. त्यात नवल नाही. मुडदूस झालेल्या मुलाचे पोट सुटते, बरगड्या मऊ पडतात आणि यकृत हाताला लागते. म्हणून त्याने बेरीज केली. १६३४ चे लिव्हरग्रोन ७७, अधिक मुडदुसाचे १४, एकूण ९१. आदल्या वर्षी लिव्हरग्रोन ८२. नुसते नाव बदलले असते तर ७७ याहून बरेच खाली यायला हवे होते. मुडदूस वेगळा, असे त्याने ठरवले. पण हा पुरावा दुबळा आहे हेही लिहिले आणि पुढची-मागची वर्षे चाळली. १६३६ मध्ये मुडदूस ५०, तरी लिव्हरग्रोन ९९. मात्र १६५८ मध्ये मुडदूस ४७६ आणि लिव्हरग्रोन ५१, १६५९ मध्ये ४४१ आणि ८, १६६० मध्ये ५२१ आणि १५.

हे शेवटचे आकडे त्याच्या निष्कर्षाला अडचणीचे. ते त्याने झाकले नाहीत, म्हणून मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. शुश्रूषा करणाऱ्या बायकांची गल्लत झाली असेल हे त्याने मान्य केले. त्याचे म्हणणे एवढेच, की जुना रकाना १६३० खेरीज कधी शंभरापुढे गेला नव्हता आणि १६६० ची बेरीज ५३६ भरते.

या ५३६ मध्ये मला छापील शब्दाचाही वाटा दिसतो. १६५० मध्ये फ्रान्सिस ग्लिसन या डॉक्टरचा मुडदुसावरचा ग्रंथ निघाला. यकृताच्या रचनेवरचा ग्रंथही त्याचाच, १६५४ चा. डॉक्टरांनी नाव पक्के केल्यावर जुना रकाना ओस पडत गेला असावा. पण १६३४ चे ते १४ मृत्यू ग्लिसनच्या ग्रंथाआधी १६ वर्षांचे आहेत. पत्रकात ते नाव आले ते प्रेते पाहणाऱ्या बायकांच्या सांगण्यावरून.