पायडल थांबत नाही

बुलडाण्याहून मोताळ्याकडे निघालं की राजूर घाट लागतो. उतार सुरू झाला, सवयीने मी पाय थांबवले आणि पायडलने मला सीटवरून जवळजवळ उचललंच.

चूक माझीच. मागच्या चाकातलं फ्रीव्हील काढून मी फिक्स्ड कॉग बसवला होता. त्याला उलट आट्यांची लॉकरिंग लागते, नाहीतर पायाने मागे जोर दिला की कॉग सुटतो. म्हणून वेगळा हब मागवला. मिस्त्रींनी स्पोक भरले, आऊट काढला, चाक फिरवलं आणि विचारलं, "याची टिकटिक कुठं गेली?" टिकटिक फ्रीव्हीलची असते. आता चाक फिरलं की पायडल फिरणारच.

हे आजचं शहरी फॅड वाटतं. पण १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीने इंग्लंडमध्ये 'रोव्हर' आणली, दोन सारखी चाकं आणि मागे चेन, तेव्हा सायकल अशीच होती. तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर बेळगावात सायकलचं दुकान काढलं. फ्रीव्हील सर्रास झालं ते एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. म्हणजे किर्लोस्करांच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांना थांबते पायडल माहीतच नसणार. पुढे लोखंडी नांगर बनवणाऱ्या या घराची सुरुवात अशा न थांबणाऱ्या चाकांवर झाली.

मग तेव्हाचे लोक उतार कसे उतरत? पुढच्या फोर्कवर पाय ठेवायला खुंट्या असत. पाय त्यांवर ठेवायचे आणि पायडल मोकळे गरगरू द्यायचे. ब्रेक म्हणजे पुढच्या टायरवर दाबला जाणारा लोखंडी चमचा!

माझ्या सायकलला खुंट्या नाहीत. पुढे ४४ दाते, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४ मीटर जाते. ताशी ३० किलोमीटरला मिनिटाला ९३ फेरे. ४५ ला जवळजवळ १४०. हे गणित मी घरी केलं होतं. पायांनी ते घाटात केलं.

पुढचा ब्रेक काढायचा मोह मी टाळला होता, म्हणून आज हे लिहितोय. खाली पोचलो तेव्हा मांड्या थरथरत होत्या. फ्रीव्हील लावणाऱ्या पहिल्या माणसाने वेग वाढवला नव्हता. उतारावर पायांना सुट्टी दिली होती. ती सुट्टी केवढी मोठी होती, हे मला राजूर घाटाने शिकवलं.