कॅप्टन, तुमच्या माणसाला सांभाळा

गेल्या सीझनमधली गोष्ट. शनिवारची सकाळ, पुण्याबाहेरचं भाड्याचं ग्राउंड, लेदर बॉल, वीस ओव्हर्सची मॅच. आयटीवाल्यांच्या लीगमध्ये असतं तसंच सगळं. अर्धी टीम आदल्या रात्रीच्या रिलीजमुळे जागलेली, उरलेली अर्धी ट्रॅफिकमध्ये अडकलेली. मी कॅप्टन. का, तर मी फोन उचलतो आणि ग्राउंडचे पैसे वेळेवर गोळा करतो. माझ्या बॅटिंगबद्दल न बोललेलंच बरं :-)

सतरावी ओव्हर. समोरच्यांना २१ बॉलमध्ये २६ हव्या होत्या. आमच्या ओपनिंग बॉलरचा बॉल पॅडवर लागला, आम्ही सगळे घसा फाटेपर्यंत ओरडलो, आणि अंपायरकाकांनी मान हलवली. नॉट आउट. बॉलर तरातरा त्यांच्याकडे गेला, त्यांच्या हातातली स्वतःची टोपी हिसकावली, आणि वळता वळता खांद्याने एक धक्का दिला. काका दोन पावलं मागे गेले. साठीचे गृहस्थ. बॉल मोजायची नाणी हातातून पडली होती, ती त्यांनी खाली वाकून एकेक करून वेचली. मग माझ्याकडे आले आणि म्हणाले, "कॅप्टन, तुमच्या माणसाला सांभाळा."

मी काय म्हणालो? "काका, जाऊ द्या ना, मॅचच्या भरात होतं असं."

त्याने ओव्हर पूर्ण केली. आम्ही चार रनांनी जिंकलो.

काकांनी स्कोअरशीटच्या मागे सहा-सात ओळींचा रिपोर्ट लिहून दिला. मग शिस्तपालन समिती बसली. ही समिती म्हणजे पाळीपाळीने तीन टीम्सचे कॅप्टन, आणि त्या महिन्यात त्यातला एक मीच होतो! कँटीनमध्ये चहा येईपर्यंत निकाल लागला: 'खेळाडूस समज देण्यात आली.' पुढच्या शनिवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ऑर्गनायझर म्हणाला, "त्यांनी आपलं ग्राउंड बंद केलंय."

ते वाक्य डोक्यातून जाईना. मग आम्हा लोकांची सवय, बग सापडला की कोड कुठून आला ते बघायचं. क्रिकेटचे नियम मी आजवर एलबीडब्ल्यूच्या पलीकडे कधी वाचलेच नव्हते. वाचत मागे मागे गेलो ते थेट १७२७ साली पोचलो.

त्या वर्षी इंग्लंडमध्ये ड्यूक ऑफ रिचमंड आणि सरे परगण्यातला कुणी मिस्टर ब्रॉड्रिक यांच्यात सामने ठरले. पैज मोठी, त्यामुळे भांडणं नकोत म्हणून दोघांनी आधी लेखी करारनामा केला. क्रिकेटच्या लेखी नियमांचा हा सगळ्यात जुना नमुना मानतात. त्यात बाजूला बारा-बारा खेळाडू, तेवीस यार्डांचं पिच, दोन्हीकडून एकेक अंपायर अशी कलमं आहेत. आणि एक कलम वाचून मी खुर्चीतून उठलोच. खेळाच्या कुठल्याही मुद्द्यावर खेळाडूने तोंड उघडून मत दिलं, तर त्याला सामन्यातून बाहेर काढायचं! म्हणजे रेड कार्डच की. तेही फुटबॉलमध्ये १९७० च्या वर्ल्ड कपला कार्डं आली, त्याच्या अडीचशे वर्षं आधी. फक्त एक सूट होती: हा नियम खुद्द ड्यूकसाहेब आणि मिस्टर ब्रॉड्रिक यांना लागू नाही. मॅनेजमेंटला पॉलिसी लागू नसते हे तेव्हापासूनचंच दिसतंय.

गंमत म्हणजे हे कलम पुढे टिकलं नाही. १७४४ चे नियम आले, त्यात अंपायरचा निर्णय अंतिम झाला. एमसीसी १७८७ साली स्थापन झाली, १७८८ मध्ये तिने स्वतःचे नियम काढले. नो बॉल, वाइड, एलबीडब्ल्यू, सगळ्यावर पिढ्यानपिढ्या कीस पाडला गेला. पण खेळाडू अंपायरच्या अंगावर गेला तर त्याला मैदानाबाहेर काढायचा अधिकार काही त्या नियमांत आला नाही. १९८० च्या नियमावलीत वर्तनाबद्दल लिहिलंय ते काय, तर अंपायरने दुसऱ्या अंपायरला सांगावं आणि खेळाडूच्या कॅप्टनला कारवाई करायची विनंती करावी. विनंती! म्हणजे काका मला जे म्हणाले, ते त्यांच्या मनाचं नव्हतंच. पिढ्यानपिढ्या अंपायरच्या हातात तेवढंच होतं.

असं का झालं असेल? माझं उत्तर असं, की शिस्त लावायचं काम खेळाच्या नियमांना करावंच लागत नव्हतं. ते बाहेरची समाजव्यवस्था करत होती. इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या दोन जाती होत्या म्हणा ना. पैसे न घेणारे अमॅच्युअर, म्हणजे 'जंटलमन', आणि पैसे घेणारे 'प्लेअर'. स्कोअरकार्डावर नावं लिहायची पद्धत वेगळी, कित्येक मैदानांवर आत यायचं गेटसुद्धा वेगळं. कॅप्टन बहुतेक वेळा अमॅच्युअर. लेन हटन हा व्यावसायिक खेळाडू इंग्लंडचा नियमित कॅप्टन झाला तो थेट १९५२ साली. हा भेद अधिकृतपणे मोडला नोव्हेंबर १९६२ मध्ये. तोवर हिशेब सरळ होता. पगारी खेळाडू उद्धटपणा करेल तर त्याची नोकरी जाईल. आणि जंटलमन? तो तर जंटलमनच, तो कशाला उद्धटपणा करेल? (ही समजूत होती हं, वस्तुस्थिती नव्हे. डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस कागदोपत्री अमॅच्युअर होते आणि क्रिकेटमधून त्यांनी भरपूर पैसे मिळवले. अंपायरशी हुज्जत घालण्याचे त्यांचे किस्सेही कमी नाहीत.)

हे मॉडेल कधी कधी फार सुंदर चालतंही. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. इंग्लंड ५ बाद ५८. बॉब टेलरला अंपायरनी आउट दिलं, आणि आपला कॅप्टन गुंडाप्पा विश्वनाथ याने त्याला परत बोलावलं, कारण त्याच्या मते बॅट लागलीच नव्हती. टेलर आणि बोथम यांनी मग १७१ रनांची भागीदारी केली आणि आपण दहा विकेट्सनी हरलो. विशीला त्याबद्दल आजही लोक मान देतात. पण इंजिनिअर म्हणून मला दिसतं ते हे, की सगळी सिस्टीम एकाच घटकावर उभी आहे. कॅप्टन विश्वनाथ असेल तर चालते. कॅप्टन माझ्यासारखा असेल तर बसते.

त्याचं दुसरं टोकही आपल्याकडेच आहे. जानेवारी १९९१, जमशेदपूरचं कीनन स्टेडियम, दुलीप ट्रॉफीची फायनल, वेस्ट झोन विरुद्ध नॉर्थ झोन. शेवटच्या दिवशी वेस्ट झोनचा बॉलर रशीद पटेल आणि नॉर्थ झोनचा बॅट्समन रमण लांबा यांच्यात बाचाबाची झाली, आणि पटेल चक्क स्टंप उपटून लांबाच्या मागे धावला. प्रेक्षकही बिथरले आणि मॅच आटोपती घ्यावी लागली. बोर्डाने चौकशी करून पटेलवर १३ महिन्यांची आणि लांबावर १० महिन्यांची बंदी घातली. त्याच काळात आयसीसीनेही आचारसंहिता आणि मॅच रेफरी आणले. म्हणजे वरच्या पातळीवर सोय झाली: कॅमेरे, रेफरी, मानधनातून कापायचा दंड, बंदी.

पण खाली? मुंबईच्या आझाद मैदानावर रविवारी एका मॅचचा फाइन लेग दुसऱ्या मॅचच्या कव्हरला पाठ लावून उभा असतो. १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग घ्या, इंग्लंडमधलं एखादं गावचं क्लब क्रिकेट घ्या, नाहीतर आमची आयटी लीग घ्या. इथे कॅमेरा नाही, रेफरी नाही, आणि दंड कशातून कापणार? खेळाडूच पदरचे पैसे भरून खेळतोय. सप्टेंबर २०१५ मध्ये बर्म्युडात दोन क्लबांच्या फायनलमध्ये विकेटकीपर आणि बॅट्समन यांची भर मैदानात मारामारी झाली. कीपरवर आजन्म बंदी आली. जगभर त्याचा व्हिडिओ फिरला म्हणून आपल्याला कळलं. व्हिडिओ नसलेल्या मॅचेस किती असतील!

शेवटी एमसीसीने मान्य केलं, की खालच्या पातळीवर वर्तन बिघडतंय आणि अंपायर हा उद्योगच सोडून जातायत. १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झालेल्या नियमावलीत ४२ वा नियम पूर्णपणे खेळाडूंच्या वर्तनाला दिला. त्यात चार पातळ्या आहेत. पहिली: निर्णयावर नाराजी दाखवणं, अति अपील, शिवीगाळ वगैरे. आधी ताकीद, पुढच्या वेळी पाच पेनल्टी रन. दुसरी: गंभीर नाराजी, दुसऱ्या खेळाडूला मुद्दाम धक्का, धोकादायक रीतीने बॉल फेकणं. थेट पाच रन. तिसरी: अंपायरला धमकावणं किंवा दुसऱ्या कुणाला मारायची धमकी. पाच रन आणि खेळाडू काही वेळ बाहेर. मर्यादित ओव्हर्सच्या मॅचमध्ये डावाच्या एक पंचमांश, म्हणजे आमच्या हिशेबाने चार ओव्हर्स. चौथी: कुणालाही मारहाण, अंपायरला मारायची धमकी, किंवा अंपायरला मुद्दाम केलेला अनुचित शारीरिक स्पर्श. पाच रन आणि उरलेल्या मॅचमधून हकालपट्टी. बदली फील्डरसुद्धा मिळत नाही.

चौथी पातळी मी दोनदा वाचली. खांद्याचा धक्का तिथे बसतो. सतराव्या ओव्हरमध्ये माझा बॉलर बाहेर, मी दहा जणांनिशी, आणि समोरच्यांना पाच रन फुकट. आम्ही किती रनांनी जिंकलो होतो? चार.

या नियमात कॅप्टन अजून आहेच. अंपायर त्यालाच सांगतात की तुझ्या माणसाला बाहेर काढ. फरक एवढाच, की आता ती विनंती नाही. कॅप्टनने नकार दिला तर मॅच समोरच्यांना देऊन टाकता येते. आणि चारही पातळ्यांवर अंपायरनी टीमच्या आणि लीगच्या पदाधिकाऱ्यांकडे रिपोर्ट करायचाच. १७२७ ते २०१७, २९० वर्षांनी ते बाहेर काढायचं कलम परत आलं. ड्यूकसाहेबांची सूट मात्र आली नाही.

पण रिपोर्ट आल्यावर पुढे काय, हे नियम सांगत नाहीत. ते लीगने ठरवायचं. आणि आमचं खरं पाप तिथेच होतं. ज्याच्या खेळाडूची केस, तोच न्यायाधीश. ज्याने रिपोर्ट लिहिला, त्याला बोलावलंसुद्धा नाही. निकालाला कारण नाही, शिक्षेला माप नाही. असा कोड कुणी रिव्ह्यूला पाठवला असता तर मी चार शिव्या घालून परत पाठवला असता. इथे मात्र मीच अप्रूव्ह केला होता.

मागच्या महिन्यात मी लीगला एक पानाचा मसुदा दिला. समितीत त्या मॅचमधल्या दोन्ही टीम्सचं कुणी नाही. अंपायरचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी, खेळाडूचं म्हणणं दोन दिवसांत, दोघांना समोरासमोर ऐकायचं, निकाल पुढच्या मॅचच्या आत आणि लेखी. अपील एकदाच. अंपायरला हात लावला तर कमीत कमी चार मॅच बाहेर. आणि प्रत्येक मॅचला दोन्ही टोकांना बाहेरचे अंपायर, कारण आमच्याकडे स्क्वेअर लेगला समोरच्याच टीमचा एखादा मुलगा उभा असतो. हे शेवटचं कलम सगळ्यात महाग, त्यावरच सगळ्यात जास्त भांडण झालं. प्रत्येकाची फी दोनशे रुपयांनी वाढली. मसुदा पास झाला.

मागची केस उघडायची नाही असंही ठरलं. नवा नियम जुन्या गुन्ह्याला लावता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण आमच्या बॉलरला वाटलं की हे सगळं त्याच्यावरच रोखलंय. तो ऑफिसात माझ्या दोन डेस्क पलीकडे बसतो. तीन आठवडे झाले, चहाला एकटा जातो. त्याला मी एवढंच सांगू शकलो की यात तुझ्याइतकाच मीही आहे. त्याला ते पटलेलं नाही.

मग ऑर्गनायझरकडून नंबर घेऊन काकांना फोन केला. सॉरी म्हटलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सॉरीचं राहू दे हो. पण त्या दिवसानंतर मला कुणी विचारलंच नाही, काय झालं होतं म्हणून."

मी विचारलं. त्यांनी सांगितलं, शांतपणे, दहाएक मिनिटं. बॉल लेग स्टंपच्या बाहेर जात होता, हेही सांगितलं. परत याल का, असं विचारायचा धीर झाला नाही. त्यांचा रविवार दुसरीकडे लागलाय असं तेच म्हणाले.

असो. येत्या शनिवारी नव्या सीझनची पहिली मॅच आहे. टॉसच्या आधी दोन्ही कॅप्टननी त्या पानावर सही करायची आहे. प्रिंटआउट काढून ठेवलीय.