सामाजिक न्यायसेवेत सर्जनशीलता : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार



सामाजिक न्यायाची सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काही ठरावीक चित्रे उभी राहतात : वह्यापुस्तकांचे वाटप, आरोग्य शिबिर, अधिकाऱ्यांना दिलेले निवेदन, क्वचित एखादा मोर्चा. ही सर्व कामे मोलाची आहेत. तथापि त्यांत बहुधा आपण देणारे असतो आणि गरीब बांधव घेणारा. त्याच्या जवळ भाषा आहे, कला आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे, ही गोष्ट आपल्या नियोजनात क्वचितच येते. न्यायसेवेत सर्जनशीलता आणणे म्हणजे या ठेव्याला न्यायाच्या कामात मानाचे स्थान देणे, असे आम्हांस वाटते. नागपूर महाधर्मप्रांतात समाविष्ट असलेल्या भंडारा जिल्ह्याच्या आधारे या विषयाचा येथे विचार करू.

पवित्र शास्त्रातील आदर्श

दावीद राजाने उरियाच्या पत्नीचे हरण केले आणि उरियाला युद्धात मरणाच्या तोंडी धाडले. राजाला जाब विचारणार कोण? शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात आपण वाचतो की, नाथान संदेष्टा राजासमोर गेला तो आरोपपत्र घेऊन नव्हे. त्याने एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे पुष्कळ गुरेमेंढरे होती, गरिबाकडे एकच लाडकी कोकरी होती, आणि श्रीमंताने पाहुण्यासाठी तीच कापली. राजा संतापला आणि त्याने त्या श्रीमंताला मरणदंडास पात्र ठरवले. तेव्हा नाथानाने सांगितले की तो मनुष्य म्हणजे राजा स्वतःच. गोष्टीने राजाला स्वतःचाच न्यायाधीश बनवले.

प्रभू येशू ख्रिस्तानेही हाच मार्ग अवलंबिला. शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर त्याने चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातून दिले. मजुरीच्या प्रश्नावर द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला सांगितला. पेरणारा, मासे धरणारे कोळी, पीठ मळणारी स्त्री या ऐकणाऱ्यांच्या रोजच्या जगातूनच त्याचे दाखले आले.

ख्रिस्तसभेची शिकवण

पोप लिओ तेरावे यांनी 15 मे 1891 रोजी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध करून कामगारांच्या हक्कांना ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत स्थान दिले. 1961 साली पोप तेविसावे योहान यांनी 'मातेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकात पाहा, पारखा, कृती करा ही त्रिसूत्री स्वीकारली. बेल्जियममधील तरुण कामगारांत काम करणारे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन, जे पुढे कार्डिनल झाले, यांच्या चळवळीतून ती घडली होती. 1971 च्या बिशपांच्या सिनोदने न्यायासाठी झटणे हे शुभवर्तमानाच्या घोषणेचे अविभाज्य अंग असल्याचे स्पष्ट केले. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लौदातो सी' या परिपत्रकात धरणीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास शिकवले.

या त्रिसूत्रीतील पहिला शब्द 'पाहा' हा आहे. आपली घाई मात्र बहुधा तिसऱ्याची असते. म्हणून प्रथम आपण भंडारा जिल्हा पाहू.

भंडारा : भूमी आणि माणसे

वैनगंगेच्या काठचा हा धान्याचा आणि तलावांचा जिल्हा. 1999 साली त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे 12 लक्ष. भातशेती, पितळेची भांडी, कोशाचे कापड, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी ही येथील ओळख. बिडी वळण्याच्या कामावर येथील असंख्य स्त्रियांनी संसार चालवले. 1954 सालच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातूनच उभे होते. तेथे त्यांचा पराभव झाला, परंतु समतेची आकांक्षा या मातीत रुजून राहिली. आज जिल्ह्यात बौद्ध बांधवांची संख्या लक्षणीय आहे. ख्रिस्ती श्रद्धावंत मात्र शेकडा एकाहूनही पुष्कळ कमी आहेत.

ही अल्पसंख्या ध्यानी घेतल्यास एक गोष्ट उघड होते. मोठमोठे प्रकल्प उभारण्याची शक्ती येथील धर्मग्रामांत असणार नाही. पिठात मिसळणाऱ्या मिठाप्रमाणे इतरांच्या सोबतीनेच त्यांना काम करावे लागेल.

खैरलांजी : मौनाचा धडा

मोहाडी तालुक्यातील खैरलांजी या गावी 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे या दलित बौद्ध कुटुंबातील आई सुरेखा, मुलगी प्रियंका आणि मुलगे सुधीर व रोशन यांची जमावाने क्रूर हत्या केली. कुटुंबप्रमुख भैयालाल तेवढे वाचले. सप्टेंबर 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी 25 वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र दोन्ही न्यायालयांनी लागू केला नाही. जानेवारी 2017 मध्ये भैयालाल यांचेही निधन झाले.

या घटनेचा विचार करताना एक गोष्ट आम्हांस अस्वस्थ करते. भर वस्तीत चार जीव गेले, तरी ही वार्ता राज्यभर पोहोचण्यास आठवडे लागले. तेथे कायदा होता, पोलीस होते, शेजारी होते. नव्हता तो बोलणारा शेजारी. अशा मौनाला केवळ कायद्याच्या कलमांनी तडा जात नाही. अत्याचार घडण्याआधीच, जेव्हा पाणवठ्यावर टोमणे सुरू होतात, बांधावरून भांडण पेटते, तेव्हा गावाला बोलते करणारी माध्यमे हवीत. नाथानाची गोष्ट हवी असते ती अशा वेळी.

भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद आहे याची कबुली दिली. म्हणून गावाला आरसा दाखवताना तो प्रथम आपण स्वतःपुढे धरला पाहिजे.

मंडई, दंडार आणि खडी गंमत

गावाला बोलते करणारे माध्यम झाडीपट्टीपाशी आहेच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी सरली, धान कापणीला आले की गावोगावी मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे जमतात आणि रात्री दंडार, खडी गंमत वा नाटक रंगते. या भागातील नाट्यमंडळ्यांचे मोठे केंद्र देसाईगंज अर्थात वडसा येथे आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा व येथील लोकरंगभूमीचा आयुष्यभर अभ्यास केला. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. तिकीट काढून रात्रभर नाटक पाहणारा प्रेक्षक आजही येथे आहे.

ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी शोषितांच्या रंगभूमीची एक पद्धत घडवली. नाटक अन्यायाच्या प्रसंगापाशी थांबते. मग प्रेक्षकांपैकी कोणीही पुढे येऊन त्या पात्राची जागा घेतो आणि वेगळे वागून दाखवतो. बंगालमध्ये 1985 पासून 'जन संस्कृती' ही संस्था याच पद्धतीने खेड्यांतून काम करीत आली आहे. भंडाऱ्याच्या मंडईत हा प्रयोग सहज रुजू शकेल. बिडी कारखान्याचा माणूस चांगल्या बिड्याही नापास ठरवून मजुरी कापतो, असा प्रसंग उभा करावा आणि तेथेच थांबून बायांना विचारावे, "आता तुम्ही असता तर काय म्हणाला असता?" 1966 साली बिडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला होता. आज लागू असलेल्या कायद्यातील तरतुदी त्या क्षणी सांगितल्यास जशा ध्यानात राहतील, तशा भाषणातून राहणार नाहीत.

योगायोग असा की, ख्रिस्तसभेचे दोन दिवसही याच हंगामात येतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी भारतात 'दलित मुक्ती रविवार' पाळला जातो आणि 2017 पासून नोव्हेंबरच्या मध्यास जागतिक गरीब दिन साजरा होतो. हे दिवस मंदिराच्या चार भिंतींत उरकण्याऐवजी मंडईच्या मांडवाशी जोडता येतील.

तलाव आणि ढिवर बांधव

सर्जनशीलता म्हणजे केवळ नाटक व गाणी असा समज होऊ नये. पूर्व विदर्भात हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून, मुख्यत्वे कोहळी समाजाच्या कसबातून, ते बांधले गेले. मालगुजारी नाहीशी झाल्यावर ते सरकारकडे गेले आणि माजी मालगुजारी, म्हणजेच 'मामा तलाव', म्हणून ओळखले जाऊ लागले. देखभालीअभावी गाळ साचला, बेशरमीची झुडपे माजली, देशी मासे घटले. त्यावर जगणारा ढिवर समाज अधिकच हलाखीत लोटला गेला.

'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' या संस्थेने, मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने, या प्रश्नावर ढिवर बांधवांसोबत काम केले. कोणत्या पाणवनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, कोणता कशावर जगतो, हे ज्ञान ढिवरांपाशी होते. त्याच्या आधारे बेशरम काढली गेली, देशी पाणवनस्पती लावल्या गेल्या, देशी माशांना पुन्हा आसरा मिळाला. या कामात स्त्रियाही पुढे आल्या. हे कार्य ख्रिस्तसभेचे नव्हे, परंतु 'लौदातो सी' जे शिकवते त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच परिसरात आहे. अशा ठिकाणी आपण शिकण्यासाठी जावे.

आपली परंपरा

मराठी ख्रिस्ती समाजाला हे नवीन नाही. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यात 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले, ते लोकांच्या ओठी असलेल्या ओवी छंदात. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकातून लेखणी चालवली आणि हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यातही ते अग्रभागी राहिले. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथील 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 25 जुलै 2024 रोजी ते प्रभूघरी गेले. त्यांच्या जीवनात साहित्य आणि न्याय यांची फारकत दिसत नाही.

धर्मग्रामांना काय करता येईल?

१. ऐकण्याचे वर्ष : कोणताही उपक्रम आखण्यापूर्वी धर्मग्रामातील एक लहान गट खाणकामगार, बिडी कामगार, ढिवर, शेतमजूर यांच्या वस्तीत नियमित जाऊन केवळ ऐकेल.

२. झाडीबोलीतील कायदा : माहितीचा अधिकार (2005), वनहक्क कायदा (2006), भूसंपादनातील योग्य भरपाईचा कायदा (2013) यांचे सार बोलीत, गाण्यात वा चित्रांत तयार करावे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी पवनी तालुक्यात 22 एप्रिल 1988 रोजी झाली. वैनगंगेकाठच्या विस्थापितांना कागदांची भाषा न कळल्याने काय सोसावे लागते, ते वृद्धांच्या तोंडून नोंदवून ठेवणे हेदेखील न्यायाचे काम आहे.

३. मंडईतील प्रयोग : पात्रे लिहिणारे व वठवणारे त्याच गावचे असावेत. धर्मगुरू व व्रतस्थ भगिनींनी मागे राहून साहाय्य करावे.

४. सहकार्य : बौद्ध, हिंदू, मुस्लिम बांधवांच्या संस्थांसह काम करावे. जेथे दुसऱ्याचे काम चांगले चालले आहे, तेथे आपला वेगळा फलक लावू नये.

सावधगिरी

तीन धोके ध्यानी ठेवावेत. पहिला, दुःखाचा तमाशा होणे. खैरलांजीसारख्या प्रसंगाचे नाट्य उभे करताना ज्यांनी सोसले त्यांच्या संमतीवाचून एक शब्दही उच्चारू नये. दुसरा, हेतूची शंका. ही सेवा कोणाला आपल्या धर्मात आणण्यासाठी नाही, हे आधी आपल्या मनात आणि मग वर्तनात स्वच्छ असावे. तिसरा, कार्यक्रमावर संतुष्ट होणे. पथनाट्य गाजले, छायाचित्रे छापून आली, परंतु मजुरी वाढली काय? तलावाचा ठेका ढिवरांच्या संस्थेला मिळाला काय? दलित वस्तीतील भगिनी ग्रामसभेत बोलली काय? कसोटी हीच.

मनन-चिंतनासाठी

आपल्या धर्मग्रामातील न्यायविषयक उपक्रम कोण ठरवते? ज्यांच्यासाठी तो आहे, त्यांतील किती जण त्या बैठकीत बसतात? आपल्या परिसरातील कोणत्या अन्यायाविषयी आपण, ठाऊक असूनही, गप्प आहोत?

नाथानाला राजवाड्यात जाण्याचे धैर्य देवाने दिले. कोकरीची गोष्ट मात्र तेव्हाच्या गोरगरिबांच्या अंगणातली होती. आपल्या जिल्ह्यातील अंगणांतही अशा गोष्टी आहेत. येत्या मंडईपूर्वी आपण त्या ऐकावयास जाऊ या.